विश्लेषण : स्किझोफ्रेनियाचा धोका वंशानुसार बदलतो का? जावाला गेलेल्या जर्मन डॉक्टरची गोष्ट

१९०४ च्या सुरुवातीला एक जर्मन मनोविकारतज्ज्ञ जावा बेटावरील बोइटेनझोर्ग, म्हणजे आजचे बोगोर, येथील मनोरुग्णालयात पोहोचले. त्यांचे नाव एमिल क्रेपेलिन. युरोपात दिसणारे मनोविकार जगात सगळीकडे तसेच असतात, की माणसाच्या वंशागणिक बदलतात, हे त्यांना पाहायचे होते.

आज हाच प्रश्न डीएनएच्या भाषेत विचारला जातो. स्किझोफ्रेनियाचा जनुकीय धोका युरोपीय, आफ्रिकी, पूर्व आशियाई आणि भारतीय लोकांमध्ये वेगळा आहे का? क्रेपेलिन यांच्या हाती या प्रश्नाचे निम्मे उत्तर आले होते. उरलेल्या निम्म्या भागाचा अर्थ लावताना त्यांची मोठी चूक झाली. त्यांचे आयुष्य, ती चूक, तिच्यानंतर जर्मनीत जे घडले ते आणि आजचे संशोधन यांचा हा आढावा.

क्रेपेलिन कोण होते?

एमिल क्रेपेलिन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८५६ रोजी उत्तर जर्मनीतील नॉयस्ट्रेलिट्झ या गावी झाला. लोकमान्य टिळक आणि सिग्मंड फ्रॉइड यांचेही जन्मवर्ष हेच. वडील नट आणि गायक होते. थोरला भाऊ कार्ल सात वर्षांनी मोठा. तो पुढे प्राणिशास्त्रज्ञ झाला आणि हॅम्बुर्गच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचा प्रमुख बनला. झाडे ओळखायची, त्यांचे गट पाडायचे, ही गोडी एमिल यांना या भावामुळे लागली. पुढे त्यांनी आजारांच्या बाबतीत आयुष्यभर हेच काम केले.

वैद्यकीय शिक्षण लाइपझिग आणि वुर्झबर्ग येथे झाले. लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांच्याकडे त्यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचे धडे घेतले. मन हेही मोजमापाचा विषय होऊ शकते, हा वुंट यांचा विचार त्यांना मनापासून पटला. म्युनिकमध्ये काही वर्षे नोकरी केल्यावर १८८२ मध्ये ते लाइपझिगच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथल्या प्रमुखांशी पटले नाही आणि नोकरी गेली. लग्न ठरलेले, खिशात पैसे नाहीत, अशा दिवसांत वुंट यांच्या सल्ल्याने त्यांनी मनोविकारशास्त्राचे एक छोटेखानी पाठ्यपुस्तक लिहिले. ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यभर ते या पुस्तकाच्या आवृत्त्या सुधारत राहिले. आठव्या आवृत्तीपर्यंत त्याचे चार जाडजूड खंड झाले होते.

१८८६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते दोरपात येथे प्राध्यापक झाले. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते एस्टोनियातील तार्तू आहे. तिथे अनेक रुग्णांची भाषा त्यांना येत नव्हती. दुभाष्याशिवाय रुग्णाशी बोलणे होत नसे. त्यामुळे रुग्ण काय सांगतो यापेक्षा तो कसा वागतो आणि आजार पुढे कसा वळतो, याकडे त्यांचे लक्ष अधिक गेले, असे अनेक अभ्यासक मानतात.

आजार ओळखण्याची त्यांची पद्धत कोणती होती?

१८९१ मध्ये क्रेपेलिन हायडलबर्गला आले. तिथे त्यांनी प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड ठेवायला सुरुवात केली. कार्डावर लक्षणे, पूर्वेतिहास, निदान आणि घरी पाठवतानाची अवस्था यांची नोंद असे. काही वर्षांनी तोच रुग्ण कसा आहे, याची चौकशी करून नोंद पुढे नेली जाई. शेकडो कार्डे साठली की ती पुन्हा पुन्हा लावून, गट पाडून पाहायची. संगणक येण्याच्या अर्धशतक आधी त्यांनी कागदावर एक डेटाबेस उभा केला होता.

या कार्डांतून दोन मोठे गट वर आले. एका गटातील रुग्णांना उदासीचे किंवा अतिउत्साहाचे झटके येत आणि मधल्या काळात ते बऱ्यापैकी सावरत. दुसऱ्या गटात आजार तरुणपणी सुरू होई आणि अनेकांची अवस्था हळूहळू ढासळत जाई. १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी ही विभागणी स्पष्टपणे मांडली. पहिल्या गटातील आजार आज बहुतांशी बायपोलर विकार आणि नैराश्य म्हणून ओळखले जातात. दुसऱ्या गटाला त्यांनी डिमेन्शिया प्रिकॉक्स म्हटले, म्हणजे अकाली येणारा बुद्धिऱ्हास. स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये याच आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव दिले.

ठाणे, येरवडा किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात आज डॉक्टर केसपेपरवर जे निदान लिहितात, त्याच्या मुळाशी ही विभागणी आहे. अल्झायमर हे आजाराचे नावही क्रेपेलिन यांच्याच पुस्तकातून रूढ झाले. त्यांचे सहकारी अलॉइस अल्झायमर यांच्या संशोधनावरून १९१० मध्ये त्यांनी ते वापरले.

मग जावाला जाण्याचे कारण काय?

१९०३ मध्ये क्रेपेलिन म्युनिकला प्राध्यापक म्हणून आले. नवीन रुग्णालयाची इमारत अजून तयार व्हायची होती. त्याच हिवाळ्यात ते भाऊ कार्ल यांच्यासोबत आशियाच्या प्रवासाला निघाले. कार्ल यांना बोइटेनझोर्गच्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानाच्या परिसरातील विंचू, गोम असे जीव गोळा करायचे होते. एमिल यांना तिथल्या मनोरुग्णालयात जायचे होते.

त्यांची अडचण अशी होती की, त्यांनी केलेले वर्गीकरण सगळे जर्मन रुग्णांवर आधारलेले होते. हे आजार खरोखर निसर्गात वेगवेगळे अस्तित्वात असतील, तर ते दूरच्या बेटावरही सापडले पाहिजेत. ते युरोपातील राहणीमान, हवामान किंवा दारूमुळे घडत असतील, तर जावात चित्र बदलायला हवे. बोइटेनझोर्गचे रुग्णालय या तपासणीसाठी सोयीचे होते. डच वसाहतीतील त्या एकाच आवारात स्थानिक, चिनी आणि युरोपीय असे तिन्ही प्रकारचे रुग्ण होते. हवामान सगळ्यांना सारखेच. आजारात फरक दिसला तर त्याचे खापर उष्ण कटिबंधावर फोडता येणार नव्हते.

प्रश्न विचारण्याची ही रीत चांगली होती. या अभ्यासाला त्यांनी तुलनात्मक मनोविकारशास्त्र असे नाव दिले आणि १९०४ मध्येच त्यावर लेख लिहिले. आज ज्याला सांस्कृतिक मनोविकारशास्त्र म्हणतात, त्याची सुरुवात अनेकदा या लेखांपासून मोजली जाते.

त्यांना काय आढळले?

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे डिमेन्शिया प्रिकॉक्स जावातील लोकांमध्येही होता. त्याचे रुग्ण तुरळक नव्हते, चांगल्या संख्येने होते. म्हणजे हा आजार युरोपची मक्तेदारी नव्हता.

फरकही दिसले. स्थानिक रुग्णांमध्ये कानात आवाज ऐकू येण्याचे प्रमाण त्यांना कमी वाटले. भ्रम युरोपीय रुग्णांइतके गुंतागुंतीचे नव्हते. नैराश्य क्वचित दिसले आणि दिसले तरी सौम्य. आपण पापी आहोत, ही युरोपातील नैराश्यात वारंवार येणारी भावना जवळजवळ नव्हती. सिफिलिसमुळे मेंदूवर होणारा परिणाम, ज्याला तेव्हा पॅरालिसिस म्हणत, तो तिथल्या युरोपीय रुग्णांत होता, स्थानिकांत सापडला नाही. सिफिलिस मात्र बेटावर सर्रास होता. दारूमुळे होणारे मनोविकारही स्थानिकांत दिसले नाहीत.

चूक कुठे झाली?

निरीक्षणे नोंदवताना काळजी घेणारे क्रेपेलिन अर्थ लावताना मात्र त्यांच्या काळातल्या युरोपीय समजुतींच्या आहारी गेले. जावातील लोक मानसिक विकासाच्या खालच्या पायरीवर आहेत, म्हणून त्यांचे भ्रम साधे आणि त्यांची लक्षणे फिकी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. लक्षणांतील फरक त्यांनी वंशांच्या उतरंडीवर नेऊन बसवला.

दुसरी कारणे तेव्हाही समोर होती. भ्रम आणि आवाज हे रुग्णाने स्वतःच्या भाषेत सांगायचे अनुभव असतात. काही आठवड्यांसाठी आलेल्या परदेशी डॉक्टरला, तेही परक्या भाषेत, रुग्ण मनातले किती सांगणार? वसाहतीच्या रुग्णालयात कोणाला आणले जाते, हाही प्रश्न होता. मारहाण करणारा, रस्त्यात गोंधळ घालणारा माणूस तिथे पोहोचतो. घराच्या कोपऱ्यात गप्प बसून राहणारी बाई तिथे पोहोचत नाही. मग रुग्णालयात नैराश्य कमी दिसणारच. पापाची भावना ही तर धर्म आणि संस्काराची गोष्ट आहे. ख्रिस्ती युरोपातील उदास माणूस पापाविषयी बोलतो, दुसरीकडचा उदास माणूस अंगदुखीची किंवा झोप न येण्याची तक्रार करतो.

दोरपातमध्ये भाषेच्या भिंतीचा अनुभव घेतलेल्या माणसाने जावात तिला पुरेसे महत्त्व दिले नाही, ही या प्रवासातील खरी खंत आहे.

म्युनिकमध्ये पुढे काय झाले?

परतल्यावर नोव्हेंबर १९०४ मध्ये म्युनिकचे नवे रुग्णालय सुरू झाले आणि क्रेपेलिन यांच्या कीर्तीचा काळ आला. बिअरच्या शहरात राहून ते कडवे दारूविरोधक होते. दारू, सिफिलिस आणि शहरी जीवन यांमुळे जर्मन समाजाचा आनुवंशिक ऱ्हास होतो आहे, अशी भीती त्यांना वाटे आणि ती ते जाहीरपणे मांडत. त्या काळच्या युरोपातील कित्येक सुशिक्षितांचे हेच मत होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या लेखनात त्यांचा राष्ट्रवाद आणि ज्यूंविषयीचा आकसही उघड दिसतो.

मात्र त्यांच्या सर्वांत मोठ्या संस्थेला आधार दिला तो एका ज्यू देणगीदाराने. अमेरिकी बँकर जेम्स लोब यांना स्वतःला नैराश्याचा त्रास होता. त्यांच्या देणगीतून १९१७ मध्ये म्युनिकमध्ये जर्मन मनोविकार संशोधन संस्था उभी राहिली. हीच संस्था आज माक्स प्लांक मनोविकारशास्त्र संस्था म्हणून ओळखली जाते.

संस्थेतील आनुवंशिकता विभाग एर्न्स्ट रुडिन यांच्याकडे होता. रुडिन हे क्रेपेलिन यांचे शिष्य आणि वंशशुद्धीच्या चळवळीतील पुढारी. १९१६ मध्ये त्यांनी डिमेन्शिया प्रिकॉक्सच्या रुग्णांच्या भावंडांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. वाटाण्याच्या झाडांवर मेंडेलने जे गणित मांडले, त्यात हा आजार बसतो का, हे त्यांना पाहायचे होते. तो बसला नाही. आजारी भावंडांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले. घराण्यात आजार दिसतो, पण एका जनुकाच्या नियमाने तो चालत नाही, हे तेव्हाच आकड्यांत दिसत होते.

१९२२ मध्ये क्रेपेलिन अध्यापनातून निवृत्त झाले. जावाचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. १९२५ मध्ये, सत्तरीला टेकलेले असताना, ते सहकारी फेलिक्स प्लाउट यांच्यासोबत अमेरिका आणि मेक्सिकोला गेले. तेथील मूलनिवासी आणि कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये सिफिलिसजन्य पॅरालिसिस कितपत दिसतो, हे त्यांना तपासायचे होते. ७ ऑक्टोबर १९२६ रोजी म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले. पाठ्यपुस्तकाची नववी आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर निघाली.

१९३३ च्या कायद्याशी त्यांचा संबंध काय?

क्रेपेलिन यांच्या निधनानंतर सात वर्षांनी, १४ जुलै १९३३ रोजी, नाझी सरकारने आनुवंशिक आजार असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्यातील आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आणि उन्माद-नैराश्याचा विकार हे दोन्ही होते. क्रेपेलिन यांनी कार्डांतून घडवलेले दोन्ही गट थेट कायद्याच्या कलमात आले. या कायद्याच्या अधिकृत भाष्याचे सहलेखक होते रुडिन, तेव्हाचे म्युनिकच्या संस्थेचे प्रमुख. भावंडांच्या आकड्यांतून साधा नियम निघत नाही, हे सर्वांत चांगले त्यांनाच ठाऊक होते.

या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. १९४० आणि १९४१ मध्ये मनोरुग्ण आणि अपंगांना विषारी वायूने मारण्याच्या मोहिमेत सुमारे ७० हजार जणांचा बळी गेला, त्यानंतरही हत्या सुरूच राहिल्या. क्रेपेलिन यांच्यासोबत अमेरिकेला गेलेले प्लाउट ज्यू होते. त्यांना १९३५ मध्ये संस्थेतून घालवण्यात आले.

क्रेपेलिन यांनी हा कायदा लिहिला नाही आणि तो पाहायला ते हयातही नव्हते. मात्र ज्या विचाराच्या पायावर तो उभा राहिला, त्याला त्यांच्या नावाची प्रतिष्ठा मिळाली होती, हे नाकारता येत नाही.

विज्ञानाच्या दृष्टीनेही हा कायदा फोल ठरला. अमेरिकी संशोधक फुलर टोरी आणि रॉबर्ट योल्कन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, नाझी काळात स्किझोफ्रेनियाच्या दोन ते पावणेतीन लाख रुग्णांची नसबंदी किंवा हत्या झाली. जर्मनीतील अशा रुग्णांपैकी हे बहुसंख्य होते. आजार एखाद्या घराण्याच्या साध्या वारशाने चालत असता, तर पुढच्या पिढीत तो जवळजवळ नाहीसा व्हायला हवा होता. युद्धानंतरच्या दशकांत नव्या रुग्णांचे प्रमाण घटलेले दिसले नाही.

आजचे जनुकशास्त्र काय सांगते?

स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो सुमारे ८० टक्के असल्याचे दिसते. तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. डीएनए तोच असूनही.

हा आजार घडवणारे एक जनुक नाही. २०१४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने डीएनएवरील १०८ संबंधित ठिकाणे शोधली. २०२२ मध्ये सुमारे ७७ हजार रुग्णांच्या अभ्यासातून हा आकडा २८७ वर गेला. यांतील बहुतेक ठिकाणांचा परिणाम अगदी किरकोळ असतो. असे हजारो छोटे बदल मिळून धोका थोडा वाढवतात किंवा कमी करतात. ते प्रत्येक माणसात कमी-अधिक असतातच.

मग वंशानुसार ही ठिकाणे बदलतात का? २०१९ मध्ये पूर्व आशियातील सुमारे २३ हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील जनुकीय परिणामांची युरोपीय निकालांशी तुलना केली असता साम्य जवळजवळ पूर्ण निघाले. १ म्हणजे तंतोतंत सारखे असे धरले, तर आकडा ०.९८ होता. आजाराची जैविक मुळे दोन्हीकडे सारखी आहेत. क्रेपेलिन यांनी जावात अर्धवट पाहिलेले उत्तर डीएनएने पक्के केले.

बारीक फरक आहेत. युरोपीय लोकांत प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांच्या पट्ट्यात सर्वांत ठळक खूण दिसते. पूर्व आशियाई अभ्यासात ती तशी दिसली नाही, कारण ते विशिष्ट बदल तिथे मुळातच दुर्मीळ आहेत. चेन्नई आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१९ मध्ये भारतीय रुग्णांच्या अभ्यासातून नायसिन या जीवनसत्त्वाच्या चयापचयाशी निगडित जनुकाकडे लक्ष वेधले. असे अभ्यास भारतात अजून मोजकेच आहेत.

जोखमीचा स्कोअर वंशानुसार वेगळा का येतो?

हजारो ठिकाणांची बेरीज करून एखाद्याचा जनुकीय जोखीम स्कोअर काढता येतो. २०१८ मध्ये लंडनचे संशोधक डेव्हिड कर्टिस यांनी या स्कोअरची एक मोठी अडचण दाखवली. युरोपीय माहितीवर बेतलेला स्कोअर आफ्रिकी वंशाच्या लोकांना लावला, तर तो कितीतरी जास्त येतो. युरोपातील रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्या सरासरीत जेवढा फरक असतो, त्याच्या दहापट फरक केवळ वंशामुळे पडला.

याचा अर्थ आफ्रिकी लोकांत स्किझोफ्रेनिया दहापट आहे, असा नाही. चूक मोजपट्टीत आहे. या अभ्यासांत मोजलेले डीएनएतील बदल बहुतेकदा खऱ्या कारणाच्या शेजारच्या खुणा असतात. मारुतीच्या देवळाशेजारचे घर असा पत्ता एका गावात बरोबर लागतो. दुसऱ्या गावात मारुतीचे देऊळ असते, पण शेजारी घर वेगळेच असते. लोकसमूहांचा इतिहास वेगळा, म्हणून खुणा आणि कारणे यांची शेजारणीही वेगळी.

त्यात माहितीच एकांगी आहे. २०१९ मधील एका आढाव्यानुसार, अशा जनुकीय अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के युरोपीय वंशाचे होते. जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा १६ टक्क्यांच्या आसपास आहे. असे स्कोअर आफ्रिकी वंशाच्या लोकांत सरासरी साडेचार पट कमी अचूक ठरतात, दक्षिण आशियाई लोकांतही त्यांची अचूकता घटते. माणसामाणसांतील जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आतले असतात, हेही इथे लक्षात ठेवायला हवे.

मग काही समाजांत रुग्ण जास्त का दिसतात?

प्रमाणात फरक आहेत, हे खरे. २००४ मधील एका जागतिक आढाव्यात वर्षाला लाखामागे नव्या रुग्णांची संख्या साधारण ७.७ ते ४३ अशी बदलताना दिसली.

ब्रिटनमध्ये १९९७ ते १९९९ दरम्यान झालेल्या अभ्यासात कॅरिबियन वंशाच्या कृष्णवर्णीयांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे नऊपट आढळले. क्रेपेलिन यांच्या चष्म्यातून पाहिले तर याचे कारण वंश असे ठरेल. पण जमैका, त्रिनिदाद आणि बार्बाडोस येथे, म्हणजे हे लोक जिथून आले तिथे, असे वाढीव प्रमाण आढळले नाही. जनुके तीच, देश बदलला आणि आकडा बदलला.

हे कृष्णवर्णीयांपुरते नाही. १९३२ मध्येच नॉर्वेचे डॉक्टर ओर्नुल्फ ओडेगार्ड यांनी दाखवले होते की, अमेरिकेतील मिनेसोटात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियनांत हा आजार मायदेशापेक्षा जास्त आहे. आजाराकडे कल असलेले लोकच देश सोडतात, असे त्यांना वाटले. मात्र स्थलांतरितांच्या परदेशात जन्मलेल्या मुलांतही प्रमाण वाढलेले दिसते, तेव्हा हे स्पष्टीकरण पुरत नाही. एकटेपणा, भेदभाव, गरिबी, शहरातील ताण यांकडे संशोधकांचे लक्ष त्यामुळे गेले. निदान करणाऱ्या डॉक्टरांचे पूर्वग्रहही काही प्रमाणात कारणीभूत असू शकतात.

आनुवंशिकता ८० टक्के असताना परिस्थिती एवढा फरक कशी पाडू शकते? शेतीचे उदाहरण घेता येईल. एकाच पिशवीतील बियाणे अर्धे बागायती शेतात आणि अर्धे कोरडवाहू शेतात पेरले. प्रत्येक शेतात काही ताटे उंच, काही बुटकी येतील. तो फरक बियाण्याचा. दोन शेतांच्या सरासरीतला फरक मात्र पाण्याचा. गटाच्या आतील आनुवंशिकतेचा आकडा दोन गटांमधील फरकाचे कारण सांगत नाही. क्रेपेलिन यांच्या काळात ही गल्लत झाली, आजही समाजमाध्यमांवर ती सर्रास होते.

भारतात चित्र काय आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा देशांच्या अभ्यासात चंडीगड शहर आणि परिसरातील गावे होती. १९९२ मध्ये आलेल्या अहवालात, आजाराची काटेकोर व्याख्या वापरली तेव्हा नव्या रुग्णांचे प्रमाण सगळीकडे वर्षाला लाखामागे ७ ते १४ या अरुंद पट्ट्यात होते. व्याख्या सैल केली की ते १६ ते ४२ इतके पसरले. मोजण्याची पद्धत बदलली तरी देशादेशांतील फरक कसा कमी-जास्त होतो, हे यातून दिसते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, भारतात सुमारे १.४ टक्के प्रौढांना आयुष्यात कधी तरी स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम तीव्र मनोविकार झालेला असतो.

आनुवंशिकतेचा प्रश्न आपल्याकडे प्रयोगशाळेपेक्षा लग्नाच्या बैठकीत आधी येतो. घराण्यात कोणाला वेड होते का, अशी चौकशी होते आणि एका काकाच्या आजारावरून मुलीचे स्थळ परत जाते. आकडे काय सांगतात? सर्वसाधारण माणसाला आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता सुमारे एक टक्का. आई किंवा वडिलांना असेल तर ती दहा टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे अशा दहापैकी नऊ मुलांना तो होत नाही. उलट, बहुतेक रुग्णांच्या आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणालाही हा आजार नसतो. त्यामुळे घराणे पारखून आजार टाळता येत नाही. आजार लपवल्याने मात्र उपचार लांबतात.

१९३३ च्या जर्मनीचा धडा भारतीय कायद्यानेही घेतला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, मानसिक आजारावरचा उपचार म्हणून स्त्री किंवा पुरुषाची नसबंदी करण्यास मनाई आहे.

क्रेपेलिन यांचे काय उरले?

रुग्णाची नोंद वर्षानुवर्षे ठेवायची, आजाराचा प्रवास पाहायचा आणि आपले निष्कर्ष परक्या मुलखात तपासून घ्यायचे, ही क्रेपेलिन यांची शिस्त उरली. जगभरच्या लाखो लोकांचे डीएनए जमवणारे आजचे प्रकल्प एका अर्थाने त्यांच्याच कार्डांचे वारस आहेत. फरक दिसला की त्याला वंशाची पायरी ठरवण्याची त्यांची घाई मात्र विज्ञानाने टाकून दिली आहे.

आता जनुकीय चाचण्या स्वस्त होत आहेत आणि जोखमीचे स्कोअर उद्या मोबाइलवरही मिळू लागतील. असा स्कोअर हातात आला की आधी एक गोष्ट विचारायला हवी. ही मोजपट्टी कोणाच्या डीएनएवरून बनवली आहे?

(मानसिक आरोग्याबाबत मदत हवी असल्यास केंद्र सरकारच्या टेली-मानस या विनामूल्य हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.)